काज-बटणाचा हिशेब



मेळाव्यात भोजनोत्तर व्याख्यानाची पाळी ज्याच्यावर येते त्याने श्रोत्यांच्या जडावलेल्या पापण्यांवर रागावू नये, असा संकेत आहे. तो आम्ही पाळू. परंतु ज्या भोजनाने त्या पापण्या जडावल्या, त्याच्यापासूनच आरंभ करण्याची परवानगी असावी. आजचा स्वयंपाक आचाऱ्याकडून करविला आहे. त्याची रक्कम खजिनदारांनी चुकती केली आहे आणि ती जमाखर्चात यथास्थित दिसेल. पूर्वी हाच स्वयंपाक आपल्या समाजातील भगिनी पहाटे चारपासून चुलीशी बसून करीत असत. त्या वर्षांचे अहवाल आम्ही मुद्दाम काढून पाहिले. शिधा, सरपण, पत्रावळी, मांडव, सारे खर्च पैसा न् पैसा लिहिलेले आहेत. रांधण्याचा खर्च मात्र कोठेच नाही. शेवटच्या पृष्ठावर भगिनींच्या अविश्रांत परिश्रमांबद्दल संस्था त्यांची ऋणी असल्याचे एक वाक्य आहे, आणि ते वर्षानुवर्षे तेच आहे. आचाऱ्याचे कोणी ऋणी राहत नाही. त्याला पैसे देतात.

कार्यकारी मंडळाने आम्हांस 'समान कामास समान वेतन' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. हा विषय कारखान्यांचा, कचेऱ्यांचा आणि न्यायालयांचा आहे, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटत असेल. आम्हांसही फार वर्षे तसेच वाटत होते. परंतु आपण शिंपी आहोत. आपल्याकडे हा विषय कारखाने निघण्याच्या पूर्वीपासून आहे, आणि तो दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. तेव्हा आम्ही त्या खोलीतूनच निघतो. थोडी घरची गोष्ट सांगावी लागेल, तिची क्षमा असावी.

आमचे वडील आणि चुलते यांचे कऱ्हाडच्या पेठेत दुकान होते. पुढच्या अंगास कापडे कापण्याचे टेबल आणि तीन मशीनी. वडील माप घेत आणि कापीत. चुलते आणि एक कारागीर शिवीत. मशीनवरून उतरलेला सदरा पडद्याआड मागच्या खोलीत जाई. तेथे आमची आत्या बसलेली असे. १९४६ साली, विशी नुकतीच उलटली असता, ती विधवा होऊन माहेरी परत आली, आणि आल्यापासून दुकानाचे काज-बटण तिच्याकडे गेले. कोणी नेमले नाही, कोणी विचारले नाही. सकाळी घरचे आवरले की ती सुईदोरा घेऊन बसे, ती दिवेलागणीनंतरही उठत नसे.

काज करणे ज्यांनी कधी केले नाही त्यांस ते क्षुल्लक वाटते. आता यंत्र ते क्षणात करते, म्हणून तरुण मंडळींसाठी थोडे सांगतो. बटणाच्या मापाने कापडावर खूण करावयाची आणि पात्याने एकाच झटक्यात चीर द्यावयाची. चीर सूतभर लांबली की बटण ठरत नाही, आणि सदरा बाद होतो. कारण शिवण उसवून पुन्हा घालता येते, कापलेले कापड पुन्हा जुळत नाही. मग चिरेच्या काठाने एकाला एक लागून टाके, प्रत्येक टाक्यास दोऱ्याचा वेढा, सर्व टाके एका उंचीचे, दोन्ही टोके आडव्या टाक्यांनी बंद. एका सदऱ्यास अशी सहा-सात. त्यानंतर बटणे, घेराची तुरपाई आणि कच्चे टाके काढणे. आमच्या दुकानाच्या सदऱ्याचे काज उसवत नाही असा पेठेत लौकिक होता. लौकिक अर्थात् दुकानाचा, म्हणजे वडिलांचा.

आम्ही शाळा संपवून दुकानात बसू लागलो तेव्हा हिशेब लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. कारागिराची मजुरी नगावर असे व दर शनिवारी ती आम्ही लिहीत असू. दोरा, सुया, बटणे, इस्त्रीचा कोळसा, सर्वांचे रकाने होते. आत्याचे नाव त्या वहीत नव्हते, आणि ते नसण्यात आम्हांस काही वावगे वाटले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती घरची होती. घरच्या माणसास मजुरी कोण देतो? वडील आणि चुलतेही घरचेच होते, तरी ते दरमहा उचल घेत आणि ती त्यांच्या नावे पडे, ही गोष्ट आमच्या ध्यानात येण्यास पुढे बारा वर्षे लागली.

१९६६ च्या मे महिन्यात आत्या विषमज्वराने अंथरुणास खिळली. शाळांच्या गणवेशांचा हंगाम ऐन भरात होता. २४० सदरे मशीनवरून उतरून पडले होते. निरुपायाने ते शेजारच्या गल्लीतील एका काज-बटणवाल्याकडे द्यावे लागले. त्याने सदऱ्यामागे १२ पैसे घेतले. एकूण २८ रुपये ८० पैसे. आमच्याच अक्षरात ती रक्कम लिहिलेली आहे. वडिलांनी ती पाहून कपाळाला आठी घातली आणि काज-बटणाला एवढे पैसे पडतात होय, असे ते म्हणाले. जूनच्या मध्यास आत्या उठली आणि तो रकाना बंद झाला. दुकानाच्या साऱ्या आयुष्यात तिच्या श्रमाची किंमत कागदावर उमटली ती एवढीच, आणि तीही ज्या महिन्यात तिने काम केले नाही त्या महिन्यात.

१९७८ साली वडील आणि चुलते विभक्त झाले. भांडण नव्हते, मुले मोठी झाली, जागा पुरेना. मशीनी, टेबल, इस्त्र्या, गाळ्याची पागडी, गिऱ्हाइकांकडील येणी, व्यापाऱ्यांची देणी, सर्वांची यादी झाली. मसुदा लिहिण्याचे काम पुन्हा आमच्याकडे. येण्याची बाजू लिहून झाली, देण्याची लिहून झाली, आणि देण्याच्या खाली आम्ही कलम घातले की विधवा भगिनीचा सांभाळ उभयतांनी सहा-सहा महिने करावा. आत्याचे डोळे तोवर गेल्यात जमा होते. सुईत दोरा ओवावयास ती शेजारची मुले बोलावी. तीस वर्षे जिने दुकानास मिळवून दिले, ती बाई देण्यांच्या यादीत गेली. लेखणी आमची होती. वाचन चालले असता ती उंबऱ्याशी बसून ऐकत होती. संपल्यावर तिने एवढेच विचारले, "माझा अंगठा कुठं घ्यायचा?" पंचांपैकी एक जण म्हणाले, "आक्का, तुमचा अंगठा लागत नाही यात."

वडिलांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ते सज्जन होते. बहिणीस त्यांनी कधी टाकून बोलले नाही. तिचे औषधपाणी केले, तिला पंढरीची वारी घडविली. तिच्या कामास ते काम मानीत नव्हते, एवढेच. याबद्दल कधी बोलणे निघालेच तर ते म्हणत, बायकांच्या बोटांत ते असतेच. आम्ही या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. कापण्याची विद्या वडील त्यांच्या मामांकडे चार वर्षे राहून शिकले. म्हणून ते कसब झाले आणि त्याला दर आला. आत्या काज करावयास तिच्या आईकडून शिकली. तीही चार वर्षेच शिकली असेल, चुकल्यावर टपलाही खाल्ल्या असतील. पण ते शिकणे घरात, स्वयंपाकाच्या मध्येमध्ये झाले, म्हणून ते शिकणे ठरले नाही. ते उपजत ठरले. आणि उपजत गोष्टीस कोणी दर देत नाही.

हा समज केवळ आपल्या पेठेतला असता तर आम्ही येथेच थांबलो असतो. परंतु नेमक्या याच समजाविरुद्ध, आणि तीही शिवणाच्याच कामावरून, एक झुंज इंग्लंडात झाली. ती शिंप्यांच्या सभेत सांगण्याजोगी आहे.

लंडनजवळ डॅगनहॅम येथे फोर्ड कंपनीचा मोटारींचा मोठा कारखाना होता. त्यात मोटारींच्या बैठकांची आवरणे शिवणाऱ्या १८७ स्त्रिया होत्या. कंपनीने सर्व कामांच्या प्रतवाऱ्या लावल्या तेव्हा यांचे शिवण कमी कसबाच्या वर्गात घातले. कामावर घेताना मात्र प्रत्येकीची शिवणाची परीक्षा घेतली जाई. ज्यास कसब लागत नाही त्याची परीक्षा कशाची, असा साधा प्रश्न होता. त्यातून, त्या खालच्या वर्गातही पुरुषांस जो दर होता त्याचे शेकडा ८५ च यांस मिळत. ७ जून १९६८ रोजी या बायका मशीनी सोडून बाहेर पडल्या. प्रथम कोणी फारसे मनावर घेतले नाही. परंतु बैठकीवाचून मोटार विकता येत नाही. शिल्लक आवरणे संपली आणि एवढा अवाढव्य कारखाना शिवणकामासाठी अडून बसला. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कॅसल यांनी त्यांस चहास बोलावून समेट घडविला. पुरुषांच्या दराच्या शेकडा ९२ इतके वेतन ठरले. त्या चळवळीच्या रेट्याने ब्रिटिश संसदेने १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा केला.

बहुतेक लोक ही गोष्ट येथे संपवितात. पण त्या स्त्रियांचे मूळ गाऱ्हाणे दराचे नव्हते, वर्गाचे होते. आमचे शिवण हे कसब आहे, ते कसबाच्या वर्गात लिहा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि तेवढेच त्यांस मिळाले नाही. त्यासाठी १९८४ मध्ये पुन्हा संप करावा लागला, तेव्हा कोठे त्यांचे काम वरच्या वर्गात चढले. मधे सोळा वर्षे गेली. चार पैसे वाढवून देणे मालकास त्या मानाने लवकर साधले. बाईच्या हातच्या शिवणास विद्या म्हणणे साधावयास इतका काळ लागला.

आपल्या देशात कायदा नाही असे नाही. घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात स्त्रीपुरुषांस समान कामाबद्दल समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व सांगितले आहे. १९७५ मध्ये वटहुकूम निघाला, १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. तो पुढे २०१९ च्या वेतनसंहितेत समाविष्ट होऊन ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. या कायद्याची पहिली मोठी कसोटी मुंबईतच लागली. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्रे डिकोस्टा या लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांस जास्त वेतन आणि स्त्रियांस कमी, हे त्यांनी न्यायालयात मांडले. कंपनी म्हणाली, या वरिष्ठांच्या खाजगी लघुलेखिका आहेत, या जागेवर पुरुष मुळीच नाही, मग भेद कोणाशी? १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव नाकारला. काम सारख्याच स्वरूपाचे आहे, जागांना निराळे नाव दिल्याने ते निराळे होत नाही, असा निर्वाळा दिला. पैसे परवडत नाहीत हे कारणही ऐकून घेतले नाही.

येथे एक बारकावा आहे, तो ध्यानात घ्यावा. आपला कायदा त्याच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाची तुलना करतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा १९५१ चा करार, जो भारताने १९५८ मध्ये मान्य केला, तो मात्र समान मूल्याच्या कामाची भाषा करतो. दोहोंत अंतर आहे. लघुलेखकाशेजारी लघुलेखिका बसविता येते. आमच्या आत्याने दाद मागितली असती तर तिला कोणाशेजारी बसविले असते? भाऊ कापतो, दुसरा भाऊ शिवतो, बहीण काज करते; कामे निराळी, तुलना संपली. पुरुषांची कामे एकीकडे आणि बायकांची एकीकडे अशी वाटणी एकदा झाली, की बायकांच्या कामाचा दर कमी का, हा प्रश्न विचारावयास जागाच उरत नाही. खरे म्हणजे काज नसलेला सदरा आणि बाह्या नसलेला सदरा दोन्ही गिऱ्हाइकास सारखेच निरुपयोगी.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. आपली संस्था दरवर्षी गरजू भगिनींस शिलाईयंत्रे देते. चांगले कार्य आहे, आणि त्या समितीत आम्हीही होतो. किती यंत्रे दिली ते आपण छायाचित्रासह छापतो. त्या यंत्रावर बसून तिला नगामागे काय मिळते, हे आम्ही समितीत असेपर्यंत एकदाही कोणी विचारले नाही. गेल्या दिवाळीपूर्वी आम्ही अशा काही घरी गेलो. तयार कपड्यांच्या ठेकेदाराचे काम त्या करतात. दोरा त्यांचा, वीज त्यांची, बिघडलेल्या नगाची भरपाई त्यांची. आणि ठेकेदाराचे तरी काय बोलावे? शर्ट शिवून आणताना दुकानदार सांगेल ती शिलाई आपण मुकाट्याने मोजतो. शेजारणीने ब्लाउजची शिलाई सांगितली, की घरीच तर शिवतेस, गाळ्याचे भाडे थोडेच आहे, असे ऐकवितो. ब्लाउजचे कापणे सदऱ्याहून कठीण असते हे इतर ज्ञातींस ठाऊक नसेल, आपल्याला आहे.

आता यंत्राचे सोडून नुसत्या घरकामाकडे येऊ. केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरची बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसास सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, आणि ती कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. ती करणारे पुरुष मुळातच थोडे आहेत, हे वेगळेच. या श्रमाची किंमत कधीच कोणी केली नाही असेही नाही, न्यायालये करतात. जमशेदपूर येथे १९८९ च्या मार्चमध्ये एका समारंभाच्या मांडवास आग लागून पुष्कळ स्त्रिया आणि मुले मृत्युमुखी पडली. भरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००१ मध्ये न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०१० मध्ये दुसऱ्या एका अपघाताच्या दाव्यात त्याच न्यायालयाने खेद व्यक्त केला, की २००१ च्या जनगणनेत गृहिणींस भिकारी आणि कैदी यांच्या पंक्तीस बसविले आहे. म्हणजे न्यायालयाने मोल केले ते बाई गेल्यावर. आमच्या वहीतही आत्याचा दर ती अंथरुणावर असतानाच लिहिला गेला होता.

आपण नामदेवरायांचे कुळ सांगतो. त्यांच्याच घरी जनाबाई दळण-कांडण करीत होती, आणि पंढरीचा विठ्ठल तिच्या जात्याशी येऊन बसला, तिचे केर भरू लागला, ही कथा आपण कीर्तनात ऐकून डोळे पुसतो. या कथेत देवाने जनाबाईचे आभार मानल्याचे कोठे नाही. तो खुंटा धरून बसला. एवढ्या पिढ्या आपण ती ऐकत आलो. ऐकून घरी जाऊन जात्याला हात लावणारा पुरुष आमच्या लहानपणी तरी आम्ही पाहिला नाही. आम्ही स्वतःही नव्हतो.

आपल्या मुली आता शिकल्या आहेत. अभियंते आहेत, हिशेबतपासनीस आहेत. पहिला पगार भावाइतकाच घेतात. त्यांना वाटते हा प्रश्न आत्यांबरोबर संपला. २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्लॉडिया गोल्डिन या विदुषींस मिळाले ते याच विषयाच्या अभ्यासाबद्दल. अमेरिकेतील दोनशे वर्षांची माहिती त्यांनी चाळली. एकसारखे शिक्षण, एकसारखा पेशा असूनही पहिल्या अपत्याबरोबर स्त्रीपुरुषांच्या मिळकतीत अंतर पडू लागते आणि ते भरून येत नाही, असे त्यांस आढळले. आपल्या वधूवर सूचीत 'नोकरी करणारी' आणि 'गृहकृत्यदक्ष' हे दोन्ही शब्द एकाच ओळीत छापलेले असतात. वरांच्या बाजूस दुसरा शब्द आम्ही शोधला. सापडला नाही.

एक शेवटची गोष्ट, आणि ती केवळ आपल्या कचेरीची आहे. विद्यार्थी-साहाय्य निधीचे अर्ज तपासण्याचे काम आम्ही काही वर्षे केले. अर्जात पालकांचा व्यवसाय आणि उत्पन्न असे रकाने आहेत. वडिलांच्या पुढे शिलाई, नोकरी, किराणा असे काही असते. आईच्या पुढे मुले लिहितात 'काही नाही'. एका मुलाचा अर्ज आम्हांस आठवतो. आईच्या रकान्यात 'काही नाही' लिहिले होते, आणि अर्जाच्या पाठीवर, शुल्क कसे भरले या प्रश्नाच्या उत्तरात, आईने रात्री गाऊन शिवून भरले असे लिहिले होते. समितीने तो अर्ज मंजूर केला. पुढचे पान आम्ही तेव्हा बदलले नाही. मुलानेच लिहिले आहे, आपण कोण, असे वाटले.

कार्यकारी मंडळास आम्ही लेखी विनंती केली आहे, की यंदापासून त्या रकान्याचे शब्द बदलावेत आणि आई घरी वा बाहेर कोणते काम करते, दिवसाचे किती तास करते, त्याचे काही मिळते काय, असे तीन प्रश्न त्या जागी घालावेत. चिटणीस सांगतात की जुने छापील अर्ज दोनशेच्या वर शिल्लक आहेत आणि ते वाया घालविणे बरे नव्हे. ते खरे आहे. ज्यांस सवड असेल त्यांनी उद्या रविवारी सकाळी दहास कचेरीत यावे. शाई आणि पट्टी आम्ही आणतो. दोनशे अर्जांवरील तो रकाना हाताने दुरुस्त करावयास चौघांस दोन तास पुरतील.